प्रशासकाचा पासवर्ड हाती नसताना लिनक्स डेस्कटॉप कसा दुरुस्त करावा

पुण्याच्या पेठांमधल्या अनेक अभ्यासिका, लहान प्रकाशनसंस्था आणि भाषांतराची कार्यालये यांत आता लिनक्सचे संगणक दिसतात. संगणक बसवून देणारा माणूस मात्र कोथरूडला किंवा हिंजवडीला असतो, आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो आणि प्रशासकाचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड त्याच्याकडेच असतो. मी नारायण पेठेतल्या अशाच एका कार्यालयात मुद्रितशोधनाचे काम करतो. माझे खाते साधे आहे, नवे सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी कधी मागितलेलाही नाही. तरीही सकाळी संगणक लावल्यावर पॅनेल, म्हणजे मेनू आणि घड्याळ असलेली पडद्याच्या कडेची पट्टी, गायब आहे, पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा परत येतो आहे किंवा मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत आहेत, अशा वेळी शनिवारपर्यंत हात बांधून बसावे लागत नाही, हे मला अनुभवाने कळले आहे. डेस्कटॉपचे बहुतेक बिघाड यंत्रणेत नसतात. ते तुमच्याच होम फोल्डरमधल्या, म्हणजे तुमच्या खात्याच्या साऱ्या फाईली असतात त्या फोल्डरमधल्या, एखाद्या फाईलमध्ये असतात आणि तो फोल्डर पूर्णपणे तुमच्या मालकीचा असतो.

या लेखातील कमांड आणि फाईलींची नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, वेगळे सांगितले नसेल तर लहान अक्षरांत टाईप करावीत आणि आकडेही रोमन वापरावेत. लिनक्स लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक करते, म्हणून नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाईप करून टॅबची कळ दाबण्याची सवय लावून घ्यावी. उरलेले नाव संगणक स्वतः पूर्ण करतो आणि स्पेलिंगची चूक होत नाही.

आपली हद्द ओळखणे

साध्या खात्याला होम फोल्डरमध्ये काहीही बदलता येते, स्वतः सुरू केलेले प्रोग्रॅम बंद करता येतात आणि तात्पुरत्या फाईलींच्या ‘टीएमपी’ फोल्डरमधल्या स्वतःच्या फाईली काढता येतात. ‘ईटीसी’, ‘यूएसआर’ यांसारखे यंत्रणेचे फोल्डर बहुतांशी वाचता येतात, पण बदलता येत नाहीत. आपले खाते कोणत्या गटांत आहे हे पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करण्याच्या खिडकीत, ‘आयडी’ एवढीच कमांड द्यावी. उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांत प्रशासकांचा गट ‘सुडो’ या नावाचा असतो, फेडोरामध्ये तो ‘व्हील’ असतो. यादीत ते नाव नसेल, तर इंटरनेटवर सापडणारे, ‘सुडो’ या प्रशासकाचे अधिकार वापरणाऱ्या कमांडने सुरू होणारे सर्व उपाय तुमच्यासाठी नाहीत असे समजावे. चुकून तशी कमांड दिली गेली आणि ‘हा प्रकार कळवला जाईल’ अशा अर्थाचा संदेश आला, तर घाबरण्याचे कारण नाही. त्याची नोंद होते एवढेच. पण वेगवेगळे पासवर्ड घालून नशीब अजमावू नये. कार्यालयाच्या यंत्रावर रिकव्हरी मोडमधून शिरण्याचा मार्गही घेऊ नये, कारण यंत्र आपले नसते आणि त्यावर इतरांचेही काम साठवलेले असते.

दोष खात्यात आहे की यंत्रात

काहीही बदलण्यापूर्वी सहकाऱ्याला त्याच्या खात्यातून त्याच यंत्रावर लॉगिन करायला सांगावे. त्याचा डेस्कटॉप नीट चालला, तर दोष तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे आणि या लेखाचा पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. त्याच्याकडेही तीच अडचण आली, तर दोष यंत्रणेचा किंवा हार्डवेअरचा आहे. तेव्हा सरळ प्रशासकाला कळवावे आणि स्वतःच्या फाईलींना हात लावू नये. दुसरे खाते नसेल, तर लॉगिनच्या पडद्यावर गियरच्या किंवा तशाच छोट्या चिन्हावर क्लिक करून दुसरे सेशन, म्हणजे लॉगिननंतर चालू होणारा दुसरा डेस्कटॉप, निवडता येते का ते पाहावे. यंत्रावर एक्सएफसीई आणि ग्नोम असे दोन डेस्कटॉप असतील आणि एक चालून दुसरा चालत नसेल, तर बिघडलेली सेटिंग कोणत्या डेस्कटॉपची आहे हे तेवढ्यावरच कळते.

ही पाच मिनिटांची तपासणी टाळून लोक थेट फाईली पुसायला लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. डिस्कच खराब होत असताना एका अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्याने सेटिंग बिघडली असे समजून स्वतःचा अख्खा कॉन्फिग फोल्डर पुसलेला मी पाहिला आहे. त्यात त्याच्या दोन वर्षांच्या टिपणांच्या ॲपचा डेटा होता. म्हणून साऱ्या लेखात एकच नियम पाळला आहे: फाईल पुसायची नाही, तिचे नाव बदलायचे. नाव बदललेली फाईल डेस्कटॉपला सापडत नाही, त्यामुळे तो कोऱ्या सेटिंगने सुरू होतो. उपाय चुकला तर जुने नाव परत देऊन पूर्वस्थिती येते.

सेटिंगच्या फाईली लपलेल्या असतात, कारण त्यांची नावे टिंबाने सुरू होतात. फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबल्यावर त्या दिसतात, आणि एफ२ दाबून नाव बदलता येते. त्यातले ‘.कॉन्फिग’ आणि ‘.लोकल’ हे दोन फोल्डर सर्वांत महत्त्वाचे आहेत. काम सुरू करण्याआधी पेन ड्राइव्हवर किंवा होममध्येच त्यांची एक नक्कल करून ठेवावी. ‘.कॅश’ या फोल्डरची नक्कल लागत नाही, त्यातले सारे पुन्हा तयार होते.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिनचा पडदा परत येतो

हा प्रकार सर्वांत जास्त घाबरवतो. पासवर्ड टाकल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागितला जातो. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. इथे संगणकाने तुम्हाला ओळखलेले असते, पण सेशन सुरू होताच कोसळत असते.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. काही लॅपटॉपवर त्यांच्यासोबत एफएनची कळही धरावी लागते. काळ्या पडद्यावर अक्षरी लॉगिन येते. तिथे खात्याचे नाव टाकावे, मग पासवर्ड टाकावा. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर तारेची चिन्हेसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे कळफलक बंद पडला असे वाटते, पण तो चालू असतो. या पडद्यावर देवनागरी दिसत नाही. मराठी नावांचे फोल्डर चौकोनांसारखे दिसतील, ते बिघडलेले नसतात. परत चित्रमय पडद्यावर जाण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ दाबावे, आणि तिथे काही न दिसल्यास एफ१ किंवा एफ२ वापरून पाहावे.

इथे पहिली कमांड ‘डीएफ -एच’ ही द्यावी. डिस्कच्या प्रत्येक विभाजनात, म्हणजे पार्टिशनमध्ये, किती जागा उरली आहे ते ती दाखवते. होम ज्या विभाजनात आहे तिथे १०० टक्के असे दिसले तर कारण सापडले. सेशन सुरू होताना काही लहान फाईली लिहाव्या लागतात आणि त्यांना जागाच मिळत नाही. ‘रूट’ हे यंत्रणेचे सर्वाधिकारी खाते मात्र अशा भरलेल्या डिस्कवरही चालते, कारण ईएक्सटी४ या प्रचलित फाईल पद्धतीत मूळ मांडणीप्रमाणे ५ टक्के जागा केवळ त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते. ‘माझ्याकडे तर चालतंय’ असे रूट वापरणारा प्रशासक फोनवर सांगतो, ते खोटे नसते. जागा दिसते तरी काही लिहिता येत नसेल, तर ‘डीएफ -आय’ देऊन पाहावे. लहान फाईलींची संख्या मर्यादेपलीकडे गेली, तरीही नवी फाईल तयार होत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रत्येक खात्याला ठरावीक कोटा असतो, तो ‘कोटा -एस’ ने कळतो.

जागा कशाने भरली हे शोधण्यासाठी ‘डीयू -ए -एच --मॅक्स-डेप्थ=१’ द्यावे. माझ्या अनुभवात गुन्हेगार तीनच असतात. पहिला ‘.कॅश’ हा फोल्डर, त्यातले निर्धास्त काढावे. दुसरा कचरापेटी, ती ‘.लोकल/शेअर/ट्रॅश’ येथे असते आणि ट्रॅशमधला टी मोठा असतो. फाईल मॅनेजरमधून ‘काढून टाकलेल्या’ फाईली तिथेच पडून असतात आणि तितकीच जागा खातात. तिसरा म्हणजे ‘.एक्ससेशन-एरर्स’ ही नोंदींची फाईल. एखादा प्रोग्रॅम बिनसला की तोच तो संदेश तो या फाईलीत हजारो वेळा लिहितो आणि ती अवाढव्य होते. जागाच नसेल तेव्हा नाव बदलून उपयोग नाही, हा आपल्या नियमाला एकमेव अपवाद. ही फाईल पुसण्याआधी ‘टेल’ या कमांडने तिच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात आणि कोणता प्रोग्रॅम ओरडत आहे ते कागदावर लिहून घ्यावे. अन्यथा दोन दिवसांनी डिस्क पुन्हा भरेल.

डिस्कमध्ये जागा असेल, तर दुसरे कारण फाईलीच्या मालकीचे असते. ‘एलएस -एलए’ दिल्यावर प्रत्येक ओळीत मालकाचे नाव दिसते. ‘.एक्सऑथॉरिटी’ आणि ‘.आयसीईऑथॉरिटी’ या दोन फाईलींपुढे तुमच्या नावाऐवजी ‘रूट’ असे असेल, तर सेशनला त्या उघडता येत नाहीत आणि लॉगिन फिरत राहते. पहिल्या नावातला एक्स आणि दुसऱ्यातली आयसीई ही अक्षरे मोठी असतात. मालकी अशी बदलते कारण मदतीला आलेला कोणीतरी तुमच्याच सेशनमध्ये ‘सुडो’ लावून एखादा चित्रमय प्रोग्रॅम उघडतो. आमच्या कार्यालयात नेमके हेच घडले होते. दुरुस्ती करून माणूस निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझे लॉगिन होईना. फोन केला तर लागेना, आणि छापखान्याला पाने दुपारी चार वाजता द्यायची होती.

साध्या खात्याला मालकी बदलता येत नाही हे खरे. पण नाव बदलण्याचा अधिकार फाईलीच्या मालकीवर अवलंबून नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लिहिण्याच्या अधिकारावर असतो. होम फोल्डर तुमचा आहे, म्हणून त्यातल्या रूटच्या फाईलीचेही नाव तुम्ही बदलू शकता. ‘एमव्ही’ ही कमांड, मग एक जागा सोडून ‘.एक्सऑथॉरिटी’, पुन्हा जागा सोडून तेच नाव आणि त्याला जोडून ‘-जुनी’ या अर्थाचा एक रोमन शब्द, एवढी एक ओळ पुरते. पुढच्या लॉगिनला नवी फाईल तुमच्या नावाने तयार होते. रूटच्या मालकीचा फोल्डर असेल तरी जागच्या जागी त्याचे नाव बदलता येते. मात्र तो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवता येत नाही आणि आत काही असेल तर पुसताही येत नाही. त्या दिवशी ही एक ओळ मला ठाऊक होती म्हणून पाने वेळेवर गेली.

दोन्ही कारणे नसतील, तर ‘.प्रोफाईल’, ‘.एक्सप्रोफाईल’ आणि ‘.बॅशआरसी’ या फाईली पाहाव्यात. इंटरनेटवरून उचललेली एखादी ओळ त्यांत चुकीची चिकटवली गेली असेल, एखादे अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले असेल, तर सेशन सुरुवातीलाच अडखळते. अलीकडे त्यांत आपण काही घातले आहे का ते आठवावे, आणि खात्री नसेल तर तिन्हींची नावे बदलून लॉगिन करून पाहावे.

पॅनेल गायब, खिडक्यांना चौकट नाही, पडदा कोरा

लॉगिन होते पण डेस्कटॉप अर्धवट येतो, तेव्हा आधी फक्त तो भाग पुन्हा सुरू करून पाहावा. एक्सएफसीईमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल उघडावे आणि ‘एक्सएफसीई४-पॅनेल’ असे टाईप करावे, पॅनेल परत येते. खिडक्यांची वरची पट्टी आणि बंद करण्याची बटणे नाहीशी झाली असतील, तर ‘एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस’ द्यावे. टर्मिनल बंद केल्यावर हे प्रोग्रॅमही बंद पडू नयेत म्हणून ओळीच्या सुरुवातीला ‘नोहप’ (एनओएचयूपी) हा शब्द आणि शेवटी जागा सोडून ‘&’ हे चिन्ह लावावे. मिंटच्या सिनॅमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप या कळांनी डेस्कटॉप पुन्हा सुरू होतो आणि उघड्या खिडक्या तशाच राहतात. केडीई या डेस्कटॉपमध्ये ‘प्लाझ्माशेल --रिप्लेस’ वापरावे. ग्नोममध्ये ऑल्ट आणि एफ२ दाबून ‘आर’ हे अक्षर दिले की तोच परिणाम होतो, पण फक्त एक्स११ या पडदा रेखाटण्याच्या जुन्या पद्धतीच्या सेशनमध्ये. वेलँड या नव्या पद्धतीच्या सेशनमध्ये लॉगआउट करून परत यावे लागते.

एवढ्याने काम झाले, पण दुसऱ्या दिवशी तोच प्रकार घडला, तर सेटिंगच बिघडली आहे. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएस नसला की हे हमखास होते. लिहिली जात असलेली फाईल अर्धवट किंवा रिकामी राहते. ‘फाइंड .कॉन्फिग -टाईप एफ -साईझ ०’ या कमांडने रिकाम्या फाईलींची यादी मिळते. त्यातल्या काही मुळातच रिकाम्या असतात, पण बिघडलेल्या भागाच्या नावाची फाईल त्या यादीत असेल तर तीच दोषी.

एक्सएफसीईची रचना मला आवडते, कारण तिच्यात प्रत्येक भागाची सेटिंग वेगळ्या फाईलीत असते. ‘.कॉन्फिग/एक्सएफसीई४/एक्सएफकॉन्फ/एक्सएफसीई-परचॅनेल-एक्सएमएल’ हा फोल्डर उघडला की पॅनेलसाठी एक, खिडक्यांसाठी एक, मॉनिटरसाठी एक, कळफलकाच्या शॉर्टकटसाठी एक अशा फाईली दिसतात. केवळ पॅनेल बिघडले असेल तर केवळ ‘एक्सएफसीई४-पॅनेल.एक्सएमएल’ याच फाईलीचे नाव बदलावे. भिंतचित्र, शॉर्टकट, मॉनिटर यांना धक्का लागत नाही. मात्र हे काम डेस्कटॉप चालू असताना करू नये. सेटिंग सांभाळणारा ‘एक्सएफकॉन्फडी’ हा प्रोग्रॅम ती स्मृतीत धरून बसलेला असतो आणि तुम्ही नाव बदलले तरी तो जुनीच सेटिंग पुन्हा लिहून टाकतो. ‘मी तीनदा फाईल बदलली, तरी काही उपयोग नाही’ असे म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते. लॉगआउट करावे, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ने अक्षरी पडद्यावर जावे, तिथे नाव बदलावे, ‘एक्झिट’ द्यावे आणि मग नेहमीप्रमाणे लॉगिन करावे. सोबत ‘.कॅश/सेशन्स’ या फोल्डरचेही नाव बदलून घ्यावे, कारण मागच्या वेळचे मोडके सेशन तिथे जतन झालेले असते आणि तेच परत उघडले जाते.

ग्नोम, सिनॅमन आणि मते (एमएटीई) या डेस्कटॉपांचा मार्ग वेगळा आहे. त्यांच्या बहुतेक सेटिंग ‘.कॉन्फिग/डीकॉन्फ/यूजर’ या एकाच फाईलीत एकत्र असतात आणि ती साध्या एडिटरमध्ये वाचता येत नाही. सर्वांत आधी ‘डीकॉन्फ डंप /’ या कमांडचा मजकूर ‘>’ चिन्हाने एका साध्या फाईलीत उतरवून घ्यावा. मग केवळ बिघडलेली शाखा मूळपदावर आणावी. मतेच्या पॅनेलसाठी ‘डीकॉन्फ रीसेट -एफ /ऑर्ग/मते/पॅनेल/’ पुरते, सिनॅमनसाठी ‘/ऑर्ग/सिनॅमन/’ ही शाखा आहे. शेवटची तिरकी रेघ विसरू नये, शाखा ओळखण्याची ती खूण आहे. ग्नोममध्ये सेटिंगला हात लावण्याआधी ‘.लोकल/शेअर/ग्नोम-शेल/एक्स्टेन्शन्स’ या फोल्डरचे नाव बदलून लॉगिन करावे. ग्नोमची आवृत्ती बदलल्यावर जुनी एक्स्टेन्शन्स निकामी होतात, आणि बहुतांश तक्रारी तिथेच मिटतात.

दोषी फाईल कोणती याचा काहीच अंदाज नसेल, तर निम्मे-निम्मे करत जावे. संपूर्ण ‘.कॉन्फिग’चे नाव बदलून लॉगिन करावे. डेस्कटॉप ठीक आला की लॉगआउट करून जुन्या फोल्डरमधल्या निम्म्या वस्तू नव्यात परत आणाव्यात आणि पुन्हा पाहावे. बिघाड परत आला तर दोष त्या निम्म्यात, नाही आला तर उरलेल्यात. आत ६४ वस्तू असल्या तरी सहा फेऱ्यांत एकच उरते. काम कंटाळवाणे आहे, अर्धा तास जातो, पण शेवटी हाती नेमकी फाईल लागते आणि बाकीच्या साऱ्या सेटिंग शाबूत राहतात.

लॉगिन करताच एखादा प्रोग्रॅम आपोआप उघडून त्रास देत असेल, तर ‘.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट’ पाहावे. फायरफॉक्स आधीच चालू असल्याचे सांगून उघडत नसेल, तर ‘पीकिल फायरफॉक्स’ द्यावे. साध्या खात्यातून ही कमांड फक्त तुमचेच प्रोग्रॅम बंद करते, शेजाऱ्याच्या कामाला धोका नसतो.

पासवर्ड बदलून मिळाल्यावर दर वेळी येणारी चौकट

आमच्या कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या काकूंना प्रशासकाने नवा पासवर्ड करून दिला. त्यानंतर रोज लॉगिन झाल्यावर ‘कीरिंग उघडली नाही’ अशी चौकट येऊ लागली आणि नवा पासवर्ड तिला चालेना. कीरिंग म्हणजे जतन केलेल्या पासवर्डांची कुलूपबंद पेटी. आपण स्वतः पासवर्ड बदलला तर पेटीचे कुलूपही सोबत बदलते. प्रशासकाने बदलला तर बदलत नाही, कारण त्याला जुना पासवर्ड ठाऊक नसतो आणि त्याशिवाय पेटी उघडत नाही.

“काकू, जुना पासवर्ड आठवतोय का?” मी विचारले.

“अहो, आठवला असता तर बदलून कशाला घेतला असता?” असे म्हणत त्यांनी खतावणीच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी चाळल्या, आणि तो तिथे निघाला.

जुना पासवर्ड मिळाला तर चौकटीत तोच टाकावा. मग ‘पासवर्ड आणि किल्ल्या’ हे ॲप, म्हणजे सीहॉर्स, उघडावे. ‘लॉगिन’ या कीरिंगवर उजवे क्लिक करून पासवर्ड बदलण्याचा पर्याय घ्यावा आणि सध्याच्या लॉगिनचाच पासवर्ड तिथे द्यावा. जुना मिळालाच नाही, तर ‘.लोकल/शेअर/कीरिंग्ज’ मधल्या ‘लॉगिन.कीरिंग’ या फाईलीचे नाव बदलून पुन्हा लॉगिन करावे, नवी पेटी तयार होते. यात जतन केलेले पासवर्ड दुरावतात, आणि क्रोममधलेही वाचता येईनासे होतात, कारण त्यांची किल्ली याच पेटीत असते. फायरफॉक्स स्वतःची वेगळी साठवण वापरतो, त्याला काही होत नाही. जुनी फाईल मात्र जपून ठेवावी. जुना पासवर्ड महिन्याभरानेही आठवू शकतो.

मराठी अक्षरे आणि मराठी टंकलेखन

मराठीत काम करणाऱ्याला हा भाग सर्वांत जवळचा आहे आणि यात प्रशासकाची गरज जवळजवळ पडत नाही. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ ही कमांड द्यावी. मराठी दाखवू शकणाऱ्या फाँटची यादी येते. ती रिकामी असेल तर ‘.लोकल/शेअर/फाँट्स’ असा फोल्डर करून त्यात फाँटची फाईल ठेवावी, ‘एफसी-कॅश -एफ’ द्यावे आणि ॲप बंद करून पुन्हा उघडावे. हा फाँट फक्त तुमच्या खात्याला दिसेल, पण काम भागेल. नोटो सॅन्स देवनागरी आणि लोहित देवनागरी हे दोन्ही मोफत आहेत. लोहितचा पुण्याशी संबंध आहे. हे फाँट मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केले आणि रेड हॅटने २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले.

चौकोनांऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसत असेल, तर तो डेस्कटॉपचा दोष नाही. ती फाईल युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या पद्धतीत टाईप केलेली असते. पुण्यातल्या छापखान्यांकडून येणाऱ्या जुन्या मजकुरात हे वारंवार आढळते. तिथे फाँट बसवून वेळ घालवू नये, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

मराठी टंकलेखन बहुधा आयबस हा प्रोग्रॅम सांभाळतो. ते अचानक बंद पडले तर ‘आयबस रीस्टार्ट’ ही कमांड बहुधा पुरते. तरीही मराठी उमटत नसेल, तर मिंट, उबुंटू किंवा डेबियनमध्ये ‘आयएम-कॉन्फिग -एन आयबस’ द्यावे आणि लॉगआउट करून परत यावे. ही निवड तुमच्या होममध्येच लिहिली जाते, म्हणून तिला अधिकार लागत नाही. कळफलकाचा आराखडा बदलला गेला आहे का, हे तपासण्यासाठी मी एकच शब्द टाईप करून पाहतो: ‘सुऱ्या’. इनस्क्रिप्ट या आराखड्यात शिफ्टसह जे या कळेने ऱ येतो, त्यापुढे डी या कळेने हलन्त आणि मग य. पडद्यावर ‘सुर्या’ असे उमटले, म्हणजे रफार य च्या डोक्यावर चढला, तर शिफ्ट सुटली आहे. अक्षरेच भलती येऊ लागली, तर आराखडा बदलला आहे. हिंदीच्या आराखड्यावर काम करणाऱ्यांनी शिफ्टसह एन या कळेवर ळ मिळतो ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

आवाज आणि पडदा

आवाजाची यंत्रणा तुमच्याच खात्याखाली चालते, त्यामुळे तीही तुम्हाला पुन्हा सुरू करता येते. नव्या वितरणांत ‘सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाईपवायर पाईपवायर-पल्स वायरप्लंबर’ आणि जुन्यांत ‘पल्सऑडिओ -के’ वापरावे. त्याआधी ध्वनीच्या सेटिंगमध्ये आवाज एचडीएमआय मॉनिटरकडे तर जात नाही ना, हे पाहावे. प्रोजेक्टर लावून काढल्यावर पडद्याचा आकार विचित्र झाला, तर ग्नोममध्ये ‘.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल’ आणि एक्सएफसीईमध्ये वर सांगितलेल्या फोल्डरमधली ‘डिस्प्लेज.एक्सएमएल’ या फाईलीचे नाव बदलावे.

परवानग्यांच्या गोंधळावर कोणी ‘सीएचमॉड’ला ‘७७७’ जोडून सगळा होम फोल्डर सर्वांना खुला करायला सांगितले, तर ते ऐकू नये. तुमच्या फाईली यंत्रावरच्या कोणालाही बदलता येतील, आणि दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या एसएसएचसारखे प्रोग्रॅम इतक्या सैल परवानग्यांच्या किल्ल्या वापरायला स्पष्ट नकार देतात.

प्रशासकाला काय लिहावे

दोष यंत्रणेचा निघाला, तर ‘संगणक चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. ‘जर्नलसीटीएल --यूजर -बी’ या कमांडने संगणक शेवटचा सुरू केल्यापासूनच्या तुमच्या खात्याच्या नोंदी मिळतात, त्यातल्या बिघाडाच्या वेळेच्या दहा-पंधरा ओळी सोबत द्याव्यात. मी साधारण असे लिहितो:

“नमस्कार सर, खिडकीजवळच्या यंत्रावर आज सकाळी साडेनऊपासून माझे लॉगिन होत नाही. पासवर्ड स्वीकारला जातो, पण पडदा परत येतो. काकूंच्या खात्यातही तसेच होते. अक्षरी पडद्यावर लॉगिन होते. डीएफमध्ये मूळ विभाजन १०० टक्के भरलेले दिसते, होमचे विभाजन ६२ टक्के आहे. काल संध्याकाळी अपडेट चालू असताना वीज गेली होती. मी कोणतीही फाईल बदललेली नाही. नोंदींच्या ओळी खाली जोडल्या आहेत.”

एवढे वाचून माणूस फोनवरच पुढची पायरी सांगू शकतो, आणि पुष्कळदा त्याला पेठेत यावेही लागत नाही. तुम्ही काही बदलले असेल तर तेही, जुन्या आणि नव्या नावांसह, लिहावे.

नावे बदललेल्या फाईली आणि फोल्डर पंधरा दिवस तसेच राहू द्यावेत. त्या काळात एखाद्या ॲपची सही, एखादा शब्दकोश किंवा ईमेलचा जुना पत्ता हरवलेला लक्षात आला, तर तो त्यातून परत काढता येतो. त्यानंतर ते पुसावेत, आणि आत रूटच्या फाईली असलेला फोल्डर पुसता येत नसेल, तर त्याचे नाव कागदावर लिहून ठेवावे आणि प्रशासक पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्याकडून काढून घ्यावा.